क्रिएटिनिन नॉर्मल असताना प्रत्येक केमोआधी रक्त का तपासतात?

वडील ६४ वर्षांचे, वजन ४५ किलोवर आलंय, तासगावहून मिरजेला सिस्प्लॅटिन हे केमोचं औषध घ्यायला जातात. क्रिएटिनिन १.१ आहे, मग दर वेळी रक्त कशाला, असं तुम्ही विचारलंय.

त्या १.१ वर जाऊ नका. क्रिएटिनिन स्नायूंतून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. माणूस वाळला की ते कमीच येतं, किडनी दमलेली असली तरी. नेहमीच्या सूत्रात (१४० वजा वय, गुणिले वजन; मग त्याला ७२ गुणिले क्रिएटिनिन या गुणाकाराने भागायचं) तुमचे आकडे घातले तर क्लिअरन्स, म्हणजे किडनी रक्त किती गाळते त्याचा अंदाज, मिनिटाला जेमतेम ४३ मिली निघतो. एवढ्यावर सिस्प्लॅटिन द्यायचं की औषध बदलायचं, याचा डॉक्टरांना विचार करावाच लागतो. पुढच्या खेपेला हे स्पष्ट विचारा.

सिस्प्लॅटिन किडनीच्या नलिकांनाच इजा करतं. मॅग्नेशियमही लघवीवाटे जातं, म्हणून तेही तपासतात. ते कमी झालं की हातापायांत गोळे येतात; तसं होत असेल तर सांगा. सलाईन लांबलचक चालतं तेही किडनीसाठीच, घाई करू नका.

अंग दुखतंय म्हणून मेडिकलमधून परस्पर डायक्लोफिनॅक ही दुखण्याची गोळी आणणं बंद, तीही किडनीला त्रास देते. (हे आपल्याकडे सर्रास चालतं.) उलट्या थांबत नसतील किंवा लघवी कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी फोन करा.