वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं: स्पार्टाचा खुराक आणि अथेन्सच्या चिठ्ठ्या

मागच्या अंकात ग्रीक नगरराज्यांवर दोनच परिच्छेद लिहिले होते. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. स्पार्टाला कमी जागा दिली म्हणून पेठांमधून नाराजी आहे, तर राजारामपुरीकडच्यांना अथेन्स अपुरं वाटलं. शाळेतून निवृत्त झाले तरी वर्गातली भांडणं सोडवायचं काम काही सुटत नाही. सहा पत्रं घेते. बाकीच्यांनी रागावू नये.

बाई, मी तालमीत पोरं घडवतो. सिनेमात स्पार्टाचे गडी बघितले, एकेकाची बॉडी नाद खुळा! पण त्यांचा खुराक काय होता आणि त्याचा खर्च कोण करायचं? आमच्याकडं एका पोराच्या दूध-बदाम-तुपापायी बापाचं कंबरडं मोडतंय.
— एक वस्ताद, शिवाजी पेठ

वस्ताद, इतकी वर्षं शिकवलं, पण हा प्रश्न एकाही विद्यार्थ्यानं विचारला नाही. स्पार्टाबद्दल पहिला प्रश्न खरं तर हाच विचारायला हवा.

खुराक ऐकून तुमची निराशा होईल. डुकराचं मांस, त्याचंच रक्त, मीठ आणि व्हिनेगर घालून केलेला रस्सा ही तिथली नावाजलेली गोष्ट. तांबडा नाही, पांढरा नाही, काळा रस्सा! जोडीला जवाची भाकरी, चीज, अंजीर आणि पाणी घातलेली वाईन. पोरांची तर मुद्दाम उपासमार. मुलगा सात वर्षांचा झाला की राज्य त्याला आईपासून काढून घ्यायचं. वर्षाला अंगावर एकच वस्त्र. झोपायला युरोटास नदीकाठचे बोरू, तेही चाकू न लावता हातानं मोडून आणायचे. पोट अर्धं ठेवायचं, म्हणजे पोरगं चोरायला शिकेल. सापडलं तर फटके, आणि ते चोरीबद्दल नव्हे, सापडल्याबद्दल.

मोठेपणी प्रत्येक नागरिकाला एका भोजनमंडळात नाव लावावं लागे. साधारण पंधरा जणांचं एक मंडळ. नवा माणूस घ्यायचा की नाही हे ठरवताना प्रत्येक सभासद भाकरीच्या मऊ भागाची गोळी करून भांड्यात टाकी. नको असेल तर गोळी चेपून टाकायची. एक जरी चेपलेली निघाली तरी उमेदवार घरी. आत गेल्यावर दरमहा वर्गणी: जव, वाईन, चीज, अंजीर आणि थोडे पैसे. वर्गणी थकली की नागरिकत्व गेलं. मग तो लढाईत कितीही मर्द असो.

आता तुमचा खर्चाचा प्रश्न. स्पार्टाच्या नागरिकाला नांगर धरायचा नव्हता, दुकान मांडायचं नव्हतं, हातोडाही उचलायचा नव्हता. त्याच्या वर्गणीचे जव पिकवायचे ते हेलॉट. स्पार्टाच्या आसपासचे काही, पण बरेचसे टायगेटस डोंगरापलीकडच्या मेसेनियातले. तो सुपीक मुलूख स्पार्टानं इ.स.पू. आठव्या-सातव्या शतकांत जिंकला आणि तिथल्या माणसांना त्यांच्याच जमिनीला जुंपलं. टर्टियस हा स्पार्टाचाच कवी सांगतो, की ते ओझ्यानं वाकलेल्या गाढवांसारखे निम्मं पीक मालकाकडे पोचवत. माझे वडील भोगावतीकाठी दुसऱ्याचं रान अर्धेलीनं करायचे, त्यामुळं ते वाचताना मी बराच वेळ अडले होते. पण वडिलांवर कुणी दरसाल युद्ध पुकारत नव्हतं. स्पार्टाचे एफोर म्हणजे वर्षासाठी निवडलेले पाच अधिकारी. ते दरवर्षी पदावर बसताच हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध जाहीर करत. का? तर युद्ध चालू असलं की मारलं तरी पाप लागत नाही. निवडक तरुणांना खंजीर देऊन रानात सोडत, ते रात्री हेलॉटांना गाठून ठार करत.

थ्युसिडिडीस या अथेन्सच्या इतिहासकारानं एक गोष्ट नोंदवली आहे. लढाईत सगळ्यांत चांगली कामगिरी केली असं ज्यांना वाटतं त्यांनी पुढं यावं, स्वातंत्र्य देऊ, असं हेलॉटांना सांगण्यात आलं. सुमारे २००० निवडले गेले. डोक्यावर माळा घालून ते देवळांना फेऱ्या मारून आले. त्यानंतर ते नाहीसे झाले, आणि प्रत्येकाचा शेवट कसा झाला हे कुणालाच कळलं नाही. जो सगळ्यांत आधी छाती पुढं काढतो तोच उद्या बंड करणार, असा हिशेब.

पर्शियाविरुद्धच्या इ.स.पू. ४७९ च्या प्लाटियाच्या लढाईत हेरोडोटस हा ग्रीक इतिहासकार ५००० स्पार्टन नागरिक आणि त्यांच्याबरोबर ३५,००० हेलॉट मोजतो, म्हणजे एकास सात. थर्मोपिलीच्या त्या प्रसिद्ध खिंडीतही ३०० स्पार्टनांबरोबर हेलॉट मेले. थेस्पिया गावचे ७०० जणही शेवटपर्यंत तिथंच थांबले, पण पोस्टरवर त्यांना जागा मिळत नाही. इ.स.पू. ४६४ च्या सुमारास मोठा भूकंप झाला, तशी मेसेनियातली माणसं उठली आणि इथोमे डोंगरावर वर्षानुवर्षं झुंजली. म्हणून माझं मत असं, की स्पार्टाची एवढी कसरत मुख्यतः घरच्याच रानात राबणाऱ्यांच्या धाकानं चालली होती. परक्या देशात फौज पाठवायची म्हटली की स्पार्टा सारखं मागं वळून का बघे, याचंही उत्तर त्यात आहे.

स्पार्टात राजेशाही आणि अथेन्सात लोकशाही, एवढं लिहिलं तर मार्क मिळतील का?
— स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, कागल

मी तपासत असते तर निम्मे दिले असते. स्पार्टात एकाच वेळी दोन राजे असत, दोन वेगळ्या घराण्यांतले. लढाईत सेनापतिपण त्यांचं, पण घरी त्यांच्यावर ते पाच एफोर. राजा आला की सगळे उठून उभे राहत, एफोर मात्र बसून राहत. ते राजाला दंड करू शकत, त्याच्यावर खटला भरू शकत. शिवाय साठी ओलांडलेल्या २८ जणांचं ज्येष्ठमंडळ, दोन राजे धरून ३०, तहहयात. नागरिकांची सभाही होती, पण तिथं मोजणीऐवजी आरडाओरडा चाले. ज्येष्ठ निवडताना काही माणसांना शेजारच्या खोलीत कोंडत. बाहेर कुठल्या उमेदवाराला मोठा गलका झाला, ते त्यांनी कान देऊन ठरवायचं. ॲरिस्टॉटलनं या पद्धतीला पोरकट म्हटलंय. ‘मिश्र राज्यव्यवस्था’ लिही आणि खाली हे तपशील दे.

आमच्या तालुक्यात सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडत झाली तेव्हा शाळकरी पोरीनं बरणीतून चिठ्ठी उचलली. अथेन्सात म्हणे अख्खे कारभारीच असे चिठ्ठीनं नेमायचे. मग भलताच माणूस बसला तर?
— ग्रामपंचायत सदस्या, करवीर तालुका

ताई, आपल्याकडं चिठ्ठी फक्त आरक्षण ठरवते, पुढं मत मागावंच लागतं. अथेन्सात चिठ्ठीनंच माणूस खुर्चीत बसायचा. इ.स.पू. ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीसनं लोकांची दहा गटांत नव्यानं वाटणी केली. पुढं प्रत्येक गटातून ५० असे ५०० जण वर्षभरासाठी चिठ्ठीनं मंडळावर येऊ लागले. वय तिशीच्या पुढं, आणि आयुष्यात दोनदाच. वर्षाचे दहा भाग करून एकेक गट ३५-३६ दिवस रोजचा कारभार बघे. त्यांच्यातलाही अध्यक्ष रोज नवा, चिठ्ठीनं काढलेला, फक्त एका दिवस-रात्रीचा. खजिन्याच्या किल्ल्या आणि राज्याची मोहोर तेवढा वेळ त्याच्याकडं. तुमच्या गावात ही पद्धत आणली तर काय होईल, याचा विचार करून मला जरा हसू आलं.

भलता माणूस बसू नये म्हणून दोन कुलपं होती. पद घेण्याआधी चौकशी: नागरिक आहेस का, आईबापांना नीट सांभाळतोस का. पद सोडताना हिशेब तपासणी, आणि त्यात अडकला तर खटला. शिवाय जिथं कौशल्य नसेल तर माणसं मरतात तिथं चिठ्ठी चालत नव्हती. दहा सेनापती मतं घेऊन निवडले जात आणि ते पुनःपुन्हा उभे राहू शकत. पेरिक्लीस याच वाटेनं वर्षानुवर्षं सत्तेत राहिला.

माझी खरी शंका चिठ्ठीवर नाही, सभेवर आहे. प्निक्स टेकडीवर हजारो नागरिक उन्हात बसत आणि हात वर करून युद्ध-तह ठरवत. इ.स.पू. ४२७ मध्ये अथेन्सविरुद्ध बंड केलेलं मिटिलीनी शहर शरण आलं. रागाच्या भरात सभेनं ठरवलं, सगळे पुरुष मारा, बायकापोरं गुलाम करा. हुकूम घेऊन जहाज निघालंसुद्धा. रात्र उलटली, लोकांना आपलंच बोलणं जड वाटू लागलं, दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा बसली. क्लिऑन हा पुढारी म्हणाला, मागं हटू नका. डिओडोटस नावाच्या एकानं दयेचा उल्लेख न करता निव्वळ फायद्याचा मुद्दा मांडला: सगळ्यांनाच मारणार असाल तर पुढचं बंडखोर शहर शरण कशाला येईल? हात मोजले, डिओडोटस थोडक्यात जिंकला. दुसरं जहाज सुटलं. वल्हेकऱ्यांनी वाईन-तेलात कालवलेलं जवाचं पीठ वल्ही मारतामारताच खाल्लं, झोप पाळीपाळीनं घेतली. पहिला हुकूम वाचून झाला होता आणि अंमल सुरू व्हायचा होता, तेवढ्यात ते पोचलं. शहर वाचलं. तरी बंडाचे म्होरके म्हणून पकडलेल्यांना अथेन्सनं मारलंच. आणि ११ वर्षांनी मेलोस बेटाच्या बाबतीत तसाच ठराव झाला, तेव्हा तो पुरता अमलात आला.

सभेत स्त्रिया नव्हत्या, गुलाम नव्हते, अथेन्सात पिढ्यान् पिढ्या राहिलेले परके नव्हते. तुम्ही सदस्या आहात म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

लॉरियमची चांदी, एवढं आरमार, मित्रराज्यांची खंडणी. ताळेबंद इतका भक्कम असून अथेन्स बुडालं कसं?
— निवृत्त बँक कर्मचारी, राजारामपुरी

तुमच्या भाषेत सांगायचं तर चालू खात्यावर युद्ध खेळलं म्हणून. अथेन्सच्या मुलखातल्या लॉरियमच्या खाणीत इ.स.पू. ४८३ च्या सुमारास चांदीचा मोठा साठा लागला. ती नागरिकांत वाटून टाकायची टूम होती. थेमिस्टोक्लीस या पुढाऱ्यानं ती जहाजांकडं वळवली. एका तीन-मजली जहाजावर १७० वल्हेकरी. वल्ही मारणारे बहुतेक गरीब नागरिक, ज्यांना ढाल-चिलखत परवडत नव्हतं. शहर त्यांच्या हातांवर तरंगतंय म्हटल्यावर सभेतही त्यांचा आवाज वाढला. हे सगळं पगारावर चाले. (खाणीत उतरणारे गुलाम होते, त्यांना पगार नव्हता. ताळेबंदाची ती बाजू नेहमीच कोरी राहते.)

इ.स.पू. ४३१ ला स्पार्टाशी युद्ध पेटलं. खेडुतांना तटबंदीच्या आत घेतलं, गर्दी झाली आणि वर्षभरात साथ आली. तिनंच ४२९ मध्ये पेरिक्लीसला नेलं. ४१५ ला सभेनं उत्साहात सिसिलीवर स्वारी पाठवली. दोन वर्षांत आरमार आणि फौज दोन्ही गेली, कैदी सिसिलीतल्या सिराक्यूज शहराच्या दगडखाणींत कुजले. तरी अथेन्स आणखी नऊ वर्षं लढलं, हे मला पराभवापेक्षा नवलाचं वाटतं. शेवटी पर्शियाच्या राजपुत्रानं स्पार्टाचा आरमारप्रमुख लायसँडर याला पैसा पुरवला आणि त्याच्या वल्हेकऱ्याचा रोज तीन ओबोलांवरून (ओबोल म्हणजे छोटं चांदीचं नाणं) चार झाला. पैसा जिकडं, वल्ही तिकडं. ४०५ ला एगोस्पोटामीच्या किनाऱ्यावर अथेन्सची माणसं जेवणाखाण्यासाठी पांगली असताना लायसँडरनं जवळपास सगळं आरमार पकडलं. पुढच्या वर्षी बासरीच्या सुरांवर तटबंदी पाडली गेली. ‘ग्रीकांना स्वातंत्र्य’ ही स्पार्टाची घोषणा होती. पर्शियाचे पैसे घेऊन ती देताना त्यांना लाज कशी वाटली नाही कोण जाणे.

दोन्हीकडं बायकांचं काय?
— एक गृहिणी, इचलकरंजी

स्पार्टात मुली उघड्यावर धावत, कुस्ती खेळत, आणि बाईच्या नावावर जमीन असे. ॲरिस्टॉटलच्या काळापर्यंत सुमारे दोन पंचमांश जमीन बायकांकडं गेली होती, आणि त्याला ते मुळीच आवडलेलं नाही. अथेन्सात बाईचा व्यवहार बाप, नवरा नाहीतर मुलगा बघणार. इ.स.पू. ४५१ च्या कायद्यानं आईही अथेन्सचीच असल्याशिवाय मुलगा नागरिक होईना. आईचं कूळ मोजलं, मत नाही. स्पार्टाच्या घरी राबणाऱ्या हेलॉट बाईला यातलं काहीच नव्हतं.

आम्हा दोघा भावांची पैज लागलीय. मी म्हणतो स्पार्टा भारी, धाकटा म्हणतो अथेन्स. निकाल द्या. मिसळीची पैज आहे.
— दोन भाऊ, मंगळवार पेठ

निकाल थीब्स या तिसऱ्याच ग्रीक नगरराज्यानं दिला. ग्रीक पायदळ ढालीला ढाल भिडवून उभं राही. ढाल डाव्या हातात, म्हणून उजवं अंग उघडं. प्रत्येक जण शेजाऱ्याच्या ढालीआड सरके आणि अख्खी रांग हळूहळू उजवीकडं झुके. म्हणून कसलेले गडी उजव्या टोकाला ठेवायचा रिवाज. इ.स.पू. ३७१ ला ल्यूक्ट्राला थीब्सच्या एपामिनोंडासनं तो उलटा केला. आपले निवडक लोक डावीकडं, एकामागं एक ५० ओळींत, बरोबर स्पार्टाच्या राजासमोर. स्पार्टाच्या ओळी फार तर १२. लढाईत असलेल्या ७०० स्पार्टन नागरिकांपैकी ४०० पडले, राजा क्लिओम्ब्रोटसही गेला. मग थीब्सची फौज लॅकोनियात, म्हणजे स्पार्टाच्या घरच्या मुलखात उतरली आणि मेसेनियातल्या हेलॉटांना मोकळं करून त्यांचं मेसेने शहर वसवलं. शेत गेलं, वर्गण्या थकल्या. पुढं स्पार्टाचे पुरे नागरिक हजाराच्याही खाली आले.

अथेन्स आणि थीब्स ३३८ ला कायरोनियात एकत्र लढले आणि मॅसिडोनियाचा राजा फिलिप याच्याकडून एकत्रच हरले. तीन वर्षांनी त्याच्या पोरानं, म्हणजे अलेक्झांडरनं, थीब्स जमीनदोस्त केलं. तेव्हा दोघांनी आपापल्या मिसळीचे पैसे आपापले द्यावेत. जादा कटाचे धाकट्यानं मोठ्याकडून घ्यावेत, कारण स्पार्टाकडून हरल्यावर गेलेली लोकशाही अथेन्सनं निदान ४०३ मध्ये परत उभी केली.