हिऱ्यांनी बोत्सवाना सावरला, मग खनिजांनी काँगोसारखे देश का पोखरले?

हिरे दोन्हीकडे होते. फरक पडला तो मालकी कोणाची आणि पैसा कुठे जाणार, हे कधी ठरलं यात. 1966 मध्ये स्वतंत्र झाला तेव्हा बोत्सवानात डांबरी रस्ता जेमतेम 12 किलोमीटर होता. 1967 च्या कायद्याने जमिनीखालच्या खनिजांचा हक्क टोळ्यांकडून सरकारकडे आला. ओरापाची मोठी खाण राष्ट्राध्यक्ष सेरेत्से खामा यांच्याच बांग्वाटो टोळीच्या मुलखात होती, तरी तो हक्क देशाचा झाला. मला हाच निर्णय सगळ्यात मोलाचा वाटतो. खाण चालू होऊन पैसा दिसू लागल्यावर तो कोणी सोडला नसता. 1975 मध्ये हिरे काढणाऱ्या डी बीअर्स कंपनीशी पुन्हा वाटाघाटी करून सरकारने खाण कंपनीत निम्मा वाटा मिळवला.

पुढे खर्चाला शिस्त लावली. संसदेने मंजूर केलेल्या विकास आराखड्यात नसलेला प्रकल्प मंत्र्याला परस्पर घुसडता येत नाही. 1994 पासून शिल्लक पुला फंड या राखीव निधीत जाते.

काँगोत हुकूमशहा मोबुटूंनी 1973 नंतर परकीयांचे उद्योग हिसकावून मर्जीतल्यांना वाटले, आणि कारभार कोलमडला.

बोत्सवानाचंही सगळं आलबेल नाही. विषमता तीव्र आहे, आणि हिऱ्यांची मागणी घसरली की सरकारी तिजोरीला लगेच ओढ लागते.