कण थरापर्यंत पोहोचला, पुढे काय?

सप्रेम आशीर्वाद,

तुझा संशोधनाचा आराखडा वाचला. धमनीतल्या थरापर्यंत औषध नेणारा नॅनोकण बनवायची तुझी जिद्द मला मनापासून आवडली. पण जवळजवळ सगळी पानं कणाचा आकार, आवरण आणि विद्युतभार यांनी भरली आहेत, आजाराच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला आहे. आधी हे प्रमाण उलटं कर.

धमनीतला थर म्हणजे नुसती साचलेली चरबी नव्हे. भिंतीत शिरलेलं कोलेस्टेरॉल गिळायला मॅक्रोफेज या भक्षक पेशी येतात, गिळून गिळून फुगतात आणि तिथेच मरतात. मेलेल्या पेशी उचलण्याचं काम मंदावलं की थराचा गाभा त्यांच्याच अवशेषांनी भरतो, दाह वाढतो, वरचं आवरण पातळ होत जातं. ते फाटलं की गुठळी होते आणि झटका येतो.

हा दाह कमी केला तर झटके कमी होतात, याचा माणसांतला ठोस पुरावा २०१७ मध्ये कँटोस चाचणीने दिला. दहा हजारांहून जास्त रुग्ण होते. दाह उतरवणाऱ्या कॅनाकिनुमॅब या औषधाने एलडीएल, म्हणजे ‘वाईट’ कोलेस्टेरॉल, खाली आलं नाही, तरी १५० मिलिग्रॅमच्या मात्रेत हृदयविकाराचे झटके, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू मिळून सुमारे १५ टक्क्यांनी घटले. मात्र जीवघेणे जंतुसंसर्ग वाढले. सगळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबण्याची ही किंमत आहे. तुझ्या कणाची गरज इथून सुरू होते, म्हणून आराखड्याचं पहिलं वाक्यही इथूनच यायला हवं.

स्टॅनफर्डचे निकोलस लीपर आणि मिशिगन स्टेटचे ब्रायन स्मिथ यांचं २०२० मधलं काम नीट वाच. थरातल्या मरू घातलेल्या पेशी सीडी४७ या प्रथिनातून ‘मला खाऊ नका’ असा संदेश देत राहतात. हे प्रथिन प्रतिपिंडाने अडवलं तर रक्तातल्या जुन्या लाल पेशीही खाल्ल्या जातात आणि रक्तक्षय होतो. या गटाने तो संदेश मॅक्रोफेजच्या आतच तोडला. त्यासाठीचं औषध कार्बनच्या नॅनोनळ्यांवर चढवलं. या नळ्या मुख्यतः दाहकारक मोनोसाइट (रक्तातल्या, पुढे मॅक्रोफेज बनणाऱ्या पेशी) आणि मॅक्रोफेज यांच्याकडूनच उचलल्या जातात. उंदरांमध्ये थर कमी झाला आणि रक्तक्षय झाला नाही. पुढे डुकरांमध्येही दाह उतरलेला दिसला. मला यात सर्वांत मोलाची वाटते ती नळी नव्हे. कोणत्या पेशीचं कोणतं काम अडलं आहे हे त्यांना आधी ठाऊक होतं, ते मोलाचं.

याच्या उलट बाजूचा प्रयोग ॲम्स्टरडॅमचा, २०१५ मधला. प्रेडनिसोलोन हे दाह कमी करणारं स्टेरॉइड भरलेले लिपोसोम, म्हणजे चरबीचे सूक्ष्म फुगे, रुग्णांना शिरेतून दिले. ते थरातल्या मॅक्रोफेजमध्ये खरोखर पोहोचले, पण दाह मात्र कमी झाला नाही! हा शोधनिबंध छापून टेबलावर ठेव. ‘कण थरात जमा झाला’ हे वाक्य निष्कर्ष म्हणून लिहावंसं वाटेल तेव्हा तो पुन्हा वाच.

आणखी एक गोष्ट. तुझी स्पर्धा दुसऱ्या कणांशी नाही, एका स्वस्त गोळीशी आहे. पावसाळ्यात सह्याद्रीत फुलणाऱ्या कळलावीतही असणारं कोल्चिसिन हे दाह कमी करणारं औषध रोज अर्धा मिलिग्रॅम दिल्यावर २०२० च्या लोडोको-२ चाचणीत, जुना हृदयविकार असलेल्या रुग्णांमध्ये हृदयाच्या गंभीर घटना ३१ टक्क्यांनी घटल्या. झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या मोठ्या चाचणीत मात्र २०२४ मध्ये फायदा दिसला नाही. म्हणजे जागा अजून आहे. पण वर्षानुवर्षं घ्यायच्या गोळीऐवजी रुग्णाने शिरेतून तुझं इंजेक्शन का घ्यावं, याचं उत्तर आराखड्यात हवं.

नव्या मसुद्यात दोन मोजमापं घाल. थरातल्या मॅक्रोफेजने मृत पेशी उचलायला सुरुवात केली का, हे एक. आणि थरात न गेलेले कण यकृतात व प्लीहेत किती दिवस राहतात आणि तिथे काय करतात, हे दुसरं. दुसऱ्याला वेळ आणि पैसा दोन्ही जास्त लागतील. तरी ते गाळू नकोस. मसुदा अपुरा असला तरी चालेल, पाठव. आपण बसून बोलू.