आरोग्य-शंका : मोडलेल्या हाडात काय भरायचे, हे यंत्राला विचारावे काय?

प्रश्न : मागच्या पावसाळ्याच्या तोंडी ट्रॅक्टरची ट्रॉली उलटून माझ्या धाकट्या भावाच्या नडगीचे हाड मोडले. रॉड टाकला, परंतु वर्ष होत आले तरी हाड जुळलेले नाही. आता कमरेचे हाड काढून तेथे भरावे लागेल, असे डॉक्टर म्हणतात. पुण्यात शिकणारा आमचा पुतण्या मात्र सांगतो, की कोणाला कोणता पदार्थ भरावा हे आता कृत्रिम बुद्धिमत्ता सांगते, मग काकाचे चांगले हाड कशाला कापता? त्यासाठी नागपूर-मुंबई गाठावी काय?
— एक शेतकरी वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : यंत्राचा कौल घेण्यासाठी शस्त्रक्रिया लांबवू नये. आपल्या डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग रूढ आहे आणि त्यामागे कारण आहे. रुग्णाच्या स्वतःच्या हाडात जिवंत पेशी असतात, नवे हाड घडवण्याची चालना देणारी प्रथिने असतात आणि त्या हाडाला धरून वाढण्यासाठी सांगाडाही असतो. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात १९८८पासून ऊतीपेढी, म्हणजे दात्यांची हाडे व इतर ऊती जतन करणारी पेढी, आहे. अशा पेढीतील दात्याचे हाड गॅमा किरणांनी निर्जंतुक केलेले असते, त्यामुळे सांगाडा मिळतो, पण जिवंत पेशी मिळत नाहीत. कॅल्शियम फॉस्फेटचे कृत्रिम दाणे हा तर निव्वळ सांगाडाच होय. कमरेचे हाड मर्यादित मिळते आणि काढलेली जागा काही महिने दुखू शकते, हे खरे. तरीही रखडलेल्या नडगीसाठी पहिली पसंती त्यालाच असते.

आता पुतण्याच्या म्हणण्याकडे वळू. ते सर्वस्वी चूक नाही. जुन्या रुग्णांचे वय, साखर, तंबाखू, हाडातील पोकळीचा आकार, भरलेला पदार्थ आणि शेवटी हाड जुळले की नाही, अशा नोंदी संगणकाला पुरवल्या, तर तो त्यांतील संगती शोधून नव्या रुग्णाबाबत अंदाज वर्तवतो. अडचण आहे ती नोंदींतच. शल्यचिकित्सक पदार्थ चिठ्ठ्या टाकून निवडत नाहीत. अवघड, पूर्वी बिघडलेल्या दुखापतीत ते स्वतःचे हाड वापरतात आणि लहानशा पोकळीत कृत्रिम दाणे. एक वाण काळ्या कसदार जमिनीत पेरले, दुसरे बरड रानात, आणि मग नुसता एकरी उतारा पाहून वाण निवडले, तर जी फसगत होईल तीच येथे यंत्राची होते; कृत्रिम दाणेच सरस, असे त्याला वाटू लागते. दुखापत किती अवघड होती हे नोंदीत नेमके आले, तरच ही चूक काही अंशी सुधारता येते.

दुसरी उणीव आपल्याकडची. पाय टेकता आला, की रुग्ण पेरणीला किंवा कापूस वेचणीला लागतो आणि तपासणीला फिरकत नाही. त्याला दोष कसा द्यावा, एका फेरीत दिवसाची मजुरी बुडते! परंतु शेवटचा एक्स-रे नसला, की त्याचा निकाल यंत्राच्या शिकवणीत येतच नाही. शहरातील नोंदींवर शिकलेल्या यंत्राला खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) चघळणारा, सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा वारसा असलेला आणि उघड्या जखमेत शेतातील माती गेलेला रुग्ण अनोळखीच असतो. सीटी स्कॅनवरून पोकळीचे घनफळ मोजण्यासारख्या कामात संगणकाची मदत आजही होते. पदार्थाची अंतिम निवड मात्र मी तरी त्याच्यावर सोपवणार नाही.

आपल्या भावाच्या बाबतीत, काय भरायचे याआधी हाड का जुळले नाही, हे विचारावे. आत जंतुसंसर्ग धुमसत आहे काय, यासाठी ईएसआर व सीआरपी या रक्ततपासण्या झाल्या आहेत काय? रॉड सैल आहे काय? साखर व सिकलसेल तपासले आहे काय? संसर्ग असताना भरलेले हाड वाया जाते. खर्रा व विडी आजच बंद करावी आणि पहिल्या दिवसापासूनचे सर्व एक्स-रे तारखेनुसार लावून सोबत न्यावेत.

प्रश्न : मुलीच्या हाडातील गाठ खरवडून तेथे ‘पावडर’ भरणार आहेत. आमचे घर माळकरी आहे. ती जनावराच्या हाडाची असते काय?
— एक माता, जि. वर्धा

उत्तर : काही पदार्थ गाईबैलांच्या हाडापासून केलेले असतात, तर हायड्रॉक्सिॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट किंवा कॅल्शियम सल्फेट यांचे दाणे कारखान्यात रसायनांपासूनही तयार होतात. हे विचारण्यात संकोच बाळगू नये, तो आपला हक्क आहे. संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी पदार्थाचे नाव व उगम लिहून मागावा. कॅल्शियम सल्फेट काही आठवड्यांतच विरघळते, तर हायड्रॉक्सिॲपेटाइट वर्षानुवर्षे टिकते. तेव्हा मुलीच्या वाढत्या हाडासाठी कोणता पदार्थ निवडला आणि तो का, हेही त्याच वेळी विचारून घ्यावे.