ढगातला चेहरा पुसून टाक

प्रिय बाय,

तुझं चित्र चार दिवस समोर ठेवून बघतोय. निळाशार समुद्र, कडेला माड, ढगांत बा. भ. बोरकरांचा चेहरा आणि खाली सुलेखनात त्यांची ओळ. हात चांगला आहे तुझा, हे आधी सांगतो. आता तो चेहरा पुसून टाक. ओळसुद्धा.

रागावू नकोस. तुझ्या वयात मीही एका कवीसाठी चित्र काढलं होतं: वाळूत चष्मा आणि दौत! अजून ते कपाटामागं भिंतीकडं तोंड करून उभं आहे.

बाकीबाबांनी, म्हणजे बोरकरांनीच, समुद्राला 'बिलोरी ऐना' म्हटलं आणि लगेच 'सृष्टीला पाचवा म्हैना'. चैत्रापासून मोजलास तर पाचवा श्रावण, आणि दिवस गेलेल्या बाईचाही पाचवा. मी तरी ते दोन्ही अर्थांनी वाचतो. म्हणजे पाणी आरशासारखं हवं आणि जडावलेलंही. तुझं नुसतंच चकचकीत झालंय. लाटांच्या रेघा आणि फेस काढून टाक. एकच लांब, संथ फुगवटा राहू दे, कागदाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत.

आणि हा निळा कुठून आणलास? पावसाळ्यात गोव्याच्या मांडवी, जुवारी या नद्या लाल माती घेऊन उतरतात. मुखाशी पाणी गढूळ, पुढं हिरवट राखी. बाकीबाबांचं बोरी गाव जुवारीच्या काठचं, त्यामुळं 1910 साली जन्मलेल्या या माणसानं समुद्राआधी नदीच पाहिली असणार. ती माती तुझ्या पाण्यात थोडी तरी उतरू दे. अल्ट्रामरीन निळ्यात बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळ, सुंदर राखी मिळतो. सिएना वाढवत गेलीस की नदी येते. चमक मात्र पांढऱ्या रंगानं आणू नकोस, कागद कोरा सोड.

पावसाळ्यात कागद वाळता वाळत नाही. पहिला वॉश, म्हणजे पातळ रंगाचा हात, सुकायच्या आत दुसरा टाकलास की फुलकोबीसारखे डाग पडतात. बोटांची मागची बाजू हलकेच टेकवून बघ. गार लागला तर थांब, चहा करून ये.

फोटोवरून काढू नकोस. पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर जाऊन बस. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढं सरकते, त्यामुळं काल पाच वाजता पाहिलेलं पाणी आज पाचला तिथं नसतं. संध्याकाळी सूर्य समोर येतो आणि सगळं डोळ्यांवर चकाकतं, रंग कळत नाही. सकाळी उन्हाकडं पाठ असते, तेव्हा बघ. ओहोटीला ओल्या वाळूतही आभाळ उतरलेलं असतं. खरं सांगायचं तर माझा ऐना तोच, पण तुझा तू शोध.

नारळी पौर्णिमेनंतर घरी ये. तोवर पोस्टकार्डाएवढे दहा कागद, त्यांवर फक्त पाणी. माड नको, होडी नको.

तुझे सर