आज वार कुठला?

गुळाच्या अडतीवर बसणाऱ्या, एकेचाळिशीतल्या एका गृहस्थांचं पत्र आलंय. कंबर धरली म्हणून मित्रानं शहरातल्या एका 'स्पा'चा पत्ता दिला. पहिल्या खेपेला नुसता मसाज. दुसऱ्या खेपेपासून 'एक्स्ट्रा'चे वेगळे दोन हजार. तिसरी खेप दीड महिन्यापूर्वी, आणि तेव्हाच खाली उतरताना जिन्यात भाच्याचा दोस्त समोर आला. दुकानाचा हिशेब बायको बघते, पैसे यूपीआयनं गेलेत. विचारतात, "ताई, हे गुप्त कसं ठेवू? आणि पुढं जायचं झालंच तर काय काळजी घेऊ?"

दादा,

कोल्हापुरात गुप्त काय राहतंय? रंकाळ्यावर कुणी कुणाबरोबर भेळ खाल्ली, हे तो घरी पोचायच्या आत महाद्वार रोडला ठाऊक असतं. मालिशीची लाज या गावाला कधीच नव्हती. तालमीत पोरं एकमेकांची अंगं रगडतात, दार सताड उघडं टाकून. आतून कडी लागते तिथं मालिश फक्त पाटीवर असते. कंबर खरंच दुखत असेल तर फिजिओथेरपिस्टकडं जा. पावतीही मिळते, बायकोला दाखवता येईल.

भाच्याच्या दोस्ताचं भय सोडा. तो जिना चढत होता ना? मग तोही तुमच्याइतकाच गप्प बसणार. खरी गोम काउंटरवर आहे. तुमचा नंबर आणि यूपीआयवर दिसणारं पूर्ण नाव त्या मालकाकडं पडून आहे. उद्या "क्राइम ब्रँचमधून बोलतोय, तुमचा व्हिडिओ आहे" असा फोन आला तर एक रुपया द्यायचा नाही. एकदा दिला की हप्ता सुरू. मेसेज पुसू नका, स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि पोलिसात जा. घाबरून पैसे गेलेच तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. धमकावून पैसे उकळणं हा गुन्हाच, मग तुम्ही कुठंही गेला असाल.

"सगळं झालं नाही, पण काहीच झालं नाही असंही नाही," हे तुमचं वाक्य मी तीनदा वाचलं. डॉक्टरपुढं असं बोलू नका, काय ते सरळ सांगा. नुसत्या हाताच्या स्पर्शानं एचआयव्ही होत नाही. पण तोंडाचा संबंध आला असला तरी गरमी (सिफिलिस), परमा (गनोरिया) लागू शकतो, आणि बऱ्याचदा वरून काही दिसतही नाही. जोखमीच्या संबंधानंतर 72 तासांच्या आत एचआयव्ही टाळायची औषधं सुरू करता येतात. तुमची ती वेळ गेली. आता तपासणी करा. सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आयसीटीसी, म्हणजे समुपदेशन आणि तपासणी केंद्रात एचआयव्हीची तपासणी फुकट होते, आणि 2017 च्या एचआयव्ही कायद्यानं तो निकाल गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. तीन महिने भरले की पुन्हा एकदा करा. तोवर घरात निरोधाशिवाय नाही.

बायकोला सांगायचं का, हे तुम्ही विचारलंच नाही. तपासणीत काही निघालं तर सांगावंच लागेल, कारण तिचीही तपासणी व्हायला हवी. नाही निघालं तरी सांगा, असं माझं मत. जी बाई ढेपेगणिक गुळाचा हिशेब ठेवते, तिला दोन हजारांची एंट्री दिसली नसेल असं खरंच वाटतं तुम्हाला?

पण मी अडकले ते तुमच्या ताजा कलमाशी. तिसऱ्या खेपेला त्या मुलीनं हळूच विचारलं, आज वार कुठला? तुम्ही म्हणालात, मंगळवार. ती दाराकडं बघून गप्प झाली. तिचा मोबाईल मालकाच्या ड्रॉवरमध्ये असतो, हेही तुम्हीच लिहिलंय.

सज्ञान बाई आपल्या मर्जीनं हे काम करत असेल तर तिला नावं ठेवणारी मी नव्हे. तिलाही सन्मानानं जगायचा हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं मे 2022 मध्ये बजावलंय. पण जिला वार ठाऊक नाही, जिचा फोन तिच्याकडं नाही, तिची मर्जी तुम्ही कुणाला विचारलीत? मालकाला? फसवून किंवा विकून आणलेली आहे असं वाटायला जागा असताना तिच्याशी संबंध ठेवणं हा गिऱ्हाइकाचाही गुन्हा आहे, किमान 3 वर्षांची सक्तमजुरी. अठराच्या आतली असेल तर पोक्सो, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा कायदा.

त्यामुळं 'पुढं जायचं झालंच तर' याला माझं उत्तर एकच, जायचं नाही. 112 ला फोन करा. तुमचा नंबर पोलिसांना दिसणार हे धरून चाला. भीती वाटत असेल तर आधी वकिलाशी बोला आणि त्याच्यामार्फत कळवा. पण इमारत कुठली, मजला कितवा, ती खोली कुठल्या बाजूला, ड्रॉवरमधला फोन, सगळं सांगा. तपासणीला उद्या गेलात तरी चालेल, हे आजच करा. त्या मंगळवारला सहा आठवडे झाले.