एक जपानी, दोन जपानी

या खेपेला आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: अमुक देशाच्या माणसाला इंग्रजीत म्हणायचं तरी काय? चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत परदेशी पाहुण्यांची ये-जा असते आणि कोथरूड-सहकारनगरात दर दोन घरांआड कुणी ना कुणी बाहेर आहे, त्यामुळे प्रश्न पडणारच. बाकीची पत्रं पुढच्या अंकात.

चाकणच्या एका कंपनीत नुकता लागलो आहे. साहेबांना मेल केली, ‘टू जॅपनीजेस आर कमिंग ऑन मंडे.’ त्यांनी प्रिंट काढून ‘जॅपनीजेस’भोवती लाल गोल केला आणि परत दिली. कारण सांगितलं नाही. ‘टू जर्मन्स’ चालतं, मग हे का नाही?
*एक ट्रेनी, चिंचवड*

कारण बहुधा साहेबांनाही सांगता आलं नसतं. पण गोल मात्र बरोबर जागी पडला आहे.

आपल्याकडे ‘जपानी’ हा शब्द पडेल ते काम करतो. जपानी पंखा म्हणा, दोन जपानी आले म्हणा, जपान्यांना चहा द्या म्हणा, तक्रार नाही. इंग्रजीत विशेषणाचं नाम होणार की नाही, हे बरंचसं शब्दाच्या शेपटीवर ठरतं. इंडियन, कोरियन, रशियन यांना काही अडचण नाही: अ कोरियन, टू कोरियन्स. इस्रायली, ओमानी, बांगलादेशी हेही तसेच. पण जॅपनीज, चायनीज, पोर्तुगीज, व्हिएतनामीज यांना अनेकवचनाचा ‘एस’ लागतच नाही. ‘द जॅपनीज’ म्हणजे समस्त जपानी लोक, ते चालतं. एकट्या माणसाला ‘अ जॅपनीज’ म्हटलेलं जुन्या शब्दकोशांत सापडेल, आज मात्र ते तुसडं वाटतं. ‘अ चायनीज’ तर अधिकच. म्हणून पुढे माणूस जोडायचा: टू जॅपनीज इंजिनियर्स, टू जॅपनीज कलीग्ज. ते कोण आहेत हेच ठाऊक नसेल तर ‘टू व्हिजिटर्स फ्रॉम जपान’.

भोसरीच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं परदेशी पत्रव्यवहार सांभाळला. तेव्हा टेलेक्स असायचा, शब्द वाचवायचा सगळ्यांना सोस, आणि वाचवलेला शब्द नेमका ‘इंजिनियर’ असायचा. ‘वन स्पॅनिश अरायव्हिंग ट्यूसडे’ असे मजकूर टायपिस्टकडे जाण्याआधी माझ्या टेबलावर थांबायचे. स्पॅनिश ही भाषा. येणारा माणूस स्पॅनियर्ड. हा दुसरा गट जरा छळवादी आहे. इंग्लिश, फ्रेंच, डच, आयरिश, वेल्श यांचा माणूस करायचा तर मागे ‘मन’ लावावा लागतो: फ्रेंचमन, डचमन. बाई असेल तर फ्रेंचवुमन. पोलिश, डॅनिश, स्वीडिश, फिनिश, टर्किश यांचे माणसांचे शब्द निराळेच आणि विशेषणापेक्षा आखूड: पोल, डेन, स्वीड, फिन, टर्क. हे पाठ करावे लागतात, दुसरा इलाज नाही. ज्यांना पाठांतराचा कंटाळा आहे त्यांनी ‘डॅनिश इंजिनियर’ लिहावं आणि निश्चिंत असावं.

तुमच्या ‘टू जर्मन्स’बद्दल एक सांगून ठेवते. फ्रेंचमनचं फ्रेंचमेन होतं म्हणून जर्मनचं ‘जर्मेन’ करणारे हुशार लोक मी पाहिले आहेत. जर्मनमधला ‘मन’ म्हणजे माणूस नव्हे. रोमन, ऑटोमन यांतलाही नव्हे. सगळ्यांना साधा ‘एस’ लावा.

आणि ‘चायनामन’ कुठेही लिहू नका. चिनी माणसाला हिणवण्यासाठी वापरलेला तो शब्द आहे. कुलदीप यादवच्या गोलंदाजीमुळे आपल्याकडे तो अजून तोंडात आहे, पण क्रिकेटवर लिहिणारे जाणकारसुद्धा आता ‘लेफ्ट-आर्म रिस्ट-स्पिन’ म्हणतात.

माझ्या खाणावळीत अफगाणिस्तानातला एक विद्यार्थी जेवायला येतो. पाहुण्यांना मी इंग्रजीत ‘ही इज अफगाणी’ म्हणून ओळख करून दिली तर तो हसला. काय चुकलं?
*एक खाणावळवाल्या काकू, डेक्कन*

काकू, तुम्ही त्याला चलनी नोट केलंत. इंग्रजीत अफगाणिस्तानचा माणूस ‘अफगाण’, आणि ‘अफगाणी’ हे तिथलं चलन. (2002 मध्ये जुन्या हजार अफगाणींची एक नवी अफगाणी झाली.) पाकिस्तानी, इराकी, येमेनी या ओळीत अफगाणीही बसेल असं वाटणं साहजिक आहे, मराठीत ते बसतंही. पानिपताच्या बखरींत तर सरसकट ‘गिलचे’ आहेत. तो शब्द गिलझाई टोळीवरून आला, आणि खुद्द अब्दाली गिलझाई नव्हता.

याच ओळीतून निसटणारा दुसरा देश इराण. इंग्रजीत माणूस ‘इरेनियन’. ‘इराणी’ हा शब्द भारतीय इंग्रजीत कॅम्पातल्या आणि डेक्कनवरच्या बन-मस्क्यापुरता राहिला आहे, आणि त्या हॉटेलाला ‘इरेनियन कॅफे’ म्हणू नये, कुणाला पत्ता सापडणार नाही. ‘पर्शियन’ गालिच्याला, मांजराला आणि भाषेला. परदेशांनी आपल्याला ‘इराण’ म्हणावं असं त्या देशाने 1935 मध्ये कळवलं, तरी मांजरांची नावं बदलली नाहीत.

व्हिसाच्या फॉर्मवर ‘नॅशनॅलिटी’पुढे इंडिया लिहायचं की इंडियन?
*एक आजी, कर्वेनगर*

इंडियन. तुमच्या पासपोर्टवरही तेच छापलेलं आहे, उघडून बघा. ऑनलाइन फॉर्मवर देशांचीच यादी उघडली तर मुकाट्याने इंडिया निवडा.

मुलाच्या लग्नाला ग्लासगोहून त्याचा मित्र आला होता. आमच्या ह्यांनी स्वागताच्या भाषणात ‘अवर इंग्लिश फ्रेंड’ म्हटलं आणि त्याचा चेहराच पडला. एवढं काय झालं?
*वरमाई, सदाशिव पेठ*

तुमच्या मुलाच्या मित्राला नागपूरकर म्हणून बघा आणि त्याला ‘आमचा पुणेकर’ म्हणा, मग कळेल.

इंग्लिश म्हणजे फक्त इंग्लंडचा. ग्लासगो स्कॉटलंडात. तो स्कॉटिश आहे, तो स्कॉट आहे, पासपोर्टाने ब्रिटिश आहे. इंग्लिश तेवढा नाही. कार्डिफचा असता तर वेल्श. डब्लिनचा असता तर आयरिश, आणि त्याला ब्रिटिशही म्हणायचं नाही, कारण तो देशच स्वतंत्र आहे. बेलफास्टचा असेल तर त्यालाच विचारा. उत्तर आयर्लंडात कुणी स्वतःला ब्रिटिश म्हणतं, कुणी आयरिश, कुणी दोन्ही, आणि त्यावरून तिथे रक्त सांडलेलं आहे.

यात दोष आपल्या ‘इंग्रज’ या शब्दाचा आहे. त्यात आपण सगळ्यांना कोंबलं. पेशवाईच्या अखेरीला पुण्यात रेसिडेंट असलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा स्कॉट. मराठ्यांचा इतिहास लिहिणारा ग्रँट डफ, तोही स्कॉट. आपल्या लेखी दोघेही इंग्रज साहेब. मराठीत ते चालून गेलं, लग्नाच्या मांडवात इंग्रजीतून नाही चाललं.

‘स्कॉच’ म्हणायचा मोह मात्र आवरा. एके काळी माणसांनाही तो शब्द लावत, आता स्कॉटिश लोकांना तो खपत नाही. स्कॉच ही व्हिस्की, स्कॉटलंडातच निदान तीन वर्षं पिंपात मुरलेली. शिवाय एक सूप आणि अंड्याचा एक पदार्थ त्या नावाचा आहे. ह्यांना सांगा, माणूस स्कॉटिश आणि बाटली स्कॉच.

मुलगी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये फ्रेंच शिकते. तेव्हापासून इंग्रजीतही ‘इंडियन’, ‘इंग्लिश’ लहान अक्षराने लिहायला लागली आहे. विचारलं तर ‘असंच असतं’ म्हणते.
*एक बाबा, पौड रोड*

फ्रेंचमध्ये असंच असतं, तिचं शिक्षण नीट चाललं आहे. तिथे भाषा आणि विशेषण लहान अक्षराने, फक्त माणूस मोठ्या अक्षराने. स्पॅनिशमध्ये माणूसही लहान. इंग्रजीत मात्र देशावरून आलेला शब्द, मग ती भाषा असो, माणूस असो की भाजी, कॅपिटल अक्षरानेच सुरू होतो. तिला पोलंडचं विशेषण लहान अक्षराने लिहायला सांगा आणि मोठ्याने वाचायला लावा. पोलिशचं पॉलिश होईल, बुटांचं. ‘फ्रेंच फ्राइज’सारख्या शब्दांत काही छापखाने लहान अक्षर वापरतात, पण परीक्षेत तो वाद घालू नये.

कॅनडाचा माणूस ‘कॅनेडियन’ ना?
*एक वाचक, हडपसर*

‘कनेडियन’. देशाच्या नावात जोर ‘कॅ’वर, माणसाच्या नावात तो ‘ने’वर सरकतो आणि पहिलं अक्षर दुबळं होतं. जॉर्डन-जॉर्डेनियनचंही तेच. न्यूझीलंडला हा त्रास नाही, कारण त्याला विशेषणच नाही: न्यूझीलंड चीज, न्यूझीलंड टीम. माणूस तेवढा न्यूझीलंडर. फिलिपिन्सचं स्पेलिंग ‘पीएच’ने आणि तिथल्या फिलिपिनोचं ‘एफ’ने, हेही याच पत्रात विचारलं आहे, हो, तसंच आहे, छपाईची चूक नाही. आणि 2022 पासून टर्कीने संयुक्त राष्ट्रांत स्वतःचं नाव ‘तुर्किये’ करून घेतलं असलं तरी विशेषण टर्किशच आहे.